पंधरा दिवसांची वही

रोज सकाळी साडेसहाला मी गाडीची पुढची सीट उचलते, तेलाची पट्टी ओढून काढते, फडक्याने पुसते, परत आत घालते, परत काढते आणि नाकाशी धरते. त्या वेळी मला रोज एका माणसाचा राग येतो. चहाच्या आधी राग आलेला बरा नाही, असं माझी जाऊ म्हणते. तिला गाडी चालवावी लागत नाही.

भाट्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला, उंडीच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. गाव त्यांना प्रेशरचाचा म्हणायचं. तीस वर्षं जहाजावर काढून ते परत आले होते. कोणी कौतुकाने ‘चीफसाहेब’ म्हणालं तर भडकायचे. म्हणायचे, “चीफ वर बसायचा. मी खाली तेल बघायचो.” आणि ते खरंच होतं. इंजिनरूममध्ये चार-चार तास फिरत राहायचं, कुठल्या बेअरिंगला तेल पोचतंय नि कुठल्याला नाही ते हात लावून बघायचं आणि गेजवरचा आकडा वहीत लिहायचा, एवढंच त्यांचं काम. गावी येऊनही त्यांनी तेवढंच चालू ठेवलं. ब्रेक, क्लच, पंक्चर असलं काही घेऊन गेलात तर हात पुसत उठायचे आणि बोटाने पूल दाखवायचे, म्हणजे गावात परत जा. फक्त इंजिनाच्या तेलाचं काही असेल तर बसा.

बसायला नारळाच्या दोराचं वेटोळं होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली आणि त्या आकृतीवर तो पाना टांगलेला. एखादी आकृती रिकामी दिसली की पाना सापडेपर्यंत काम बंद. शेडच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली, आणि तिच्यावर कपडे वाळत घालावेत तसे वर्तमानपत्राचे तुकडे चिमट्याने लावलेले. प्रत्येक तुकड्यावर कुठल्या तरी गाडीच्या तेलाचा एक थेंब. थेंब पसरून त्याचं गोल झालेलं, आणि खाली गाडीचा नंबर, तारीख. मधला काळा ठिपका, भोवतीचं करडं कडं, त्याच्याबाहेर पसरलेलं पिवळट कडं, हे सगळं ते चष्मा कपाळावर सरकवून तासन्‌तास बघत बसायचे. रिक्षावाले येताजाता विचारायचे, “चाचा, पत्रिका जुळते काय?” आणि दंडावरची बाही वर करून, “माझा पण प्रेशर बघा,” म्हणायचे. चाचा मान वर करत नसत.

त्यांचं म्हणणं असं की डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा उशिरा रडतो. तो पेटला म्हणजे दुखणं जुनं झालेलं असतं. म्हणून त्यांचा भरवसा इंजिनातल्या तेलाच्या दाबाच्या आकड्यावर. बशीएवढं पितळी गेज त्यांच्याकडे होतं, जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवलेलं. ते तांब्याच्या नळीने इंजिनाला जोडायचे आणि मग चार प्रश्न विचारायचे. गार इंजिनाला किती? गरम झाल्यावर किती? उभ्या गाडीत किती? चालत्या गाडीत किती? या प्रश्नांची उत्तरं द्यायची ती गाडीवाल्याने. तुमची गाडी, तुम्ही बघा, तुम्ही सांगा.

आणि उत्तरात ‘बहुतेक’ हा शब्द आला की संपलं. पावस गावचे एक आंबा बागायतदार ऐन मे महिन्यात पेट्या भरलेला टेम्पो घेऊन आले होते. चाचांनी विचारलं, तेल कधी बदललं. ते म्हणाले, बहुतेक गुढीपाडव्याला. चाचांनी बॉनेट खाली टाकलं. म्हणाले, “बहुतेक म्हणजे नाय. घरी जा, विचारून ये.” भरलेला टेम्पो, वरून ऊन, आत आंबा. गृहस्थ शिव्या देत पावसला गेले आणि दीड तासाने चिठ्ठी घेऊन परत आले. मी हा किस्सा माझ्या गाडीतून शाळेत जाणाऱ्या बायकांना सांगून पोट धरून हसले होते.

एकदा एका साहेबांची गाडी आली. टपावर लाल दिवा असलेली. ड्रायव्हर म्हणाला, आतला तेलाचा दिवा सारखा पेटतो, साहेबांना त्रास होतो, तेवढी वायर काढून टाका. चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे म्हणाले, “वरचा काढा. आतला ऱ्हाव दे.” साहेब मागच्या सीटवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

अशा माणसाकडे मी गेले ती हौसेने नव्हे.

माझा नवरा मुंबईला नोकरीला. गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. त्याने जुनी व्हॅन घेतली ती दारात उभी करण्यासाठी. मी ती चालवायला शिकले आणि सात शिक्षिकांना रोज पालीच्या बाजूच्या शाळांवर सोडायला लागले. सकाळी साडेसहाला निघायचं, एकेकीला घरून उचलायचं, हातखंब्याचा चढ चढायचा आणि प्रत्येकीला शाळा भरायच्या आत पोचवायचं. एसटीने गेलं तर पहिली घंटा चुकायची आणि मुख्याध्यापक मस्टरवर लाल खूण करायचे. म्हणून त्या माझ्याकडे. रत्नागिरीत तेव्हा भाड्याची गाडी चालवणारी बाई मी एकटी. स्टँडवरचे जीपवाले मला ‘वहिनी’ म्हणायचे आणि माझी गाडी कधी बंद पडते याची वाट बघायचे. त्यातला एक तर पालीपर्यंत माझ्या मागे मागे यायचा, म्हणजे मी थांबले की बायका उचलायला बरं. गाडी बंद पडली तर सात बायका त्याच्या जीपमध्ये बसणार आणि मी परत घरात बसणार, हे मला रोज आरशात दिसायचं.

दोन हजार सालच्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच, हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी उभी केली की तेलाचा दिवा लुकलुकायला लागला. चढ चढून इंजिन तापलं आणि गाडी थांबली की पेटायचा. ॲक्सिलरेटर जरा दाबून धरला की विझायचा. मग मी तो पायाने विझवायला शिकले. सगळे ड्रायव्हर तेच करतात.

गावातल्या एका गॅरेजवाल्याने आधी दिव्याचं बटण बदललं, मग तेल बदलून जाड तेल घातलं आणि दिवा परत पेटल्यावर सांगितलं की गाडी इंजिन कामाला आली, पंधरा-वीस दिवस ठेवावी लागेल. पंधरा-वीस दिवसांत माझ्या बायका गेल्या असत्या. म्हणून मी दुसऱ्या दिवशी भाट्याला गेले.

चाचांनी सीट उचलली, पट्टी काढली, अंगठा आणि बोटात तेल चोळलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तेल कालच बदललेलं. “नवीन तेल काय बोलत नाय,” म्हणाले. “नव्या नवरीसारखा. पंधरा दिवस ऱ्हाव दे, मगे बोलेल.” त्यांनी ते पितळी गेज हँडब्रेकजवळ बसवलं, माझ्या हातात शंभरपानी वही दिली आणि रोज काय काय लिहायचं ते सांगितलं. सकाळी घरातून निघताना गार इंजिनाचा आकडा. हातखंब्याचा चढ चढताना चालत्या गाडीचा. पालीला पोचल्यावर, इंजिन गरम आणि गाडी उभी, तिसरा. रोज सकाळी तेलाची पातळी, आणि तेलाचा वास. वरून तेल घालायचं नाही, बदलायचं नाही. पंधराव्या दिवशी गाडी आणि वही दोन्ही घेऊन ये.

मला राग आला. बाकीच्यांनी पाच मिनिटांत सांगितलं त्याला या माणसाला पंधरा दिवस हवे होते. तसं मी बोललेसुद्धा. चाचा म्हणाले, “त्यांनी सांगितला, पन त्यांना कळला काय?” आणि मी गाडी चालू करत होते तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले, “बाय, जिथल्या तिथे लिही. घरी बसून लिहिलेला मला कळता.”

पहिले चार दिवस मी खरोखर लिहिलं. वही स्टिअरिंगवर टेकवून, इंजिन चालू ठेवून. गाडीत हसाहशी सुरू झाली. गणिताच्या बाई रोज विचारायच्या, “आज बीपी किती?” तिठ्यावर मागून एसटीचे हॉर्न. पाचव्या दिवशी धो धो पाऊस होता, सात ओल्या छत्र्या बायकांनी हँडब्रेकजवळ रचून ठेवल्या आणि गेज त्यांच्याखाली गेलं. छत्र्या उचलून आकडा बघायला मी काही थांबले नाही. संध्याकाळी भात शिजत होता तेव्हा ओट्यावर वही घेऊन बसले आणि आठवून लिहिलं. पन्नास, चाळीस, पंधरा. दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस, चाळीस, चौदा. खरं वाटावं म्हणून मी आकडे थोडे मागेपुढे करायचे. त्याची मला लाज वाटली नाही. रोजच्या दहा कामांतलं हे अकरावं काम होतं, आणि ते सगळ्यात कमी गरजेचं आहे असं माझं ठाम मत होतं.

पण आकड्यांचं एक वेळ सोडा. मी खरी चूक केली ती तेलाच्या पातळीत.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी मी पट्टी काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. मी पुसून परत बघितलं. तरी वर. आता स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं की बरणीतलं तेल कमी होतं, आपोआप वाढत नाही. म्हणजे बघण्यात काहीतरी चुकत असणार, गाडी उतारावर उभी असणार, गॅरेजवाल्याने जास्त ओतलं असणार. मी वहीत लिहिलं, फुल. आणि मनातून खूशच झाले. माझा नवरा मुंबईत सगळ्यांना सांगायचा की आमची गाडी थेंबभर तेल खात नाही. वास? व्हॅनमध्ये पेट्रोलचा थोडा वास नेहमीच यायचा. लिहिलं, नेहमीचा.

पंधराव्या दिवशी मी गाडी नेली नाही. भाट्याला रिक्षाने गेले, नुसती वही घेऊन. खरं कारण हे की चाचांनी स्वतः गेज बघितलं असतं तर माझ्या चौदा-पंधराचं काय झालं असतं कोण जाणे. छत्र्यांखालून मला एकदोनदा काटा दिसला होता, आणि तो चौदाच्या बराच खाली होता. मी सांगितलं, गाडी धुवायला दिलीय. ते म्हणाले, गाडी बघायला व्हई. मी म्हटलं, चाचा, मला वेळ नाही, गाडी इथे अडकली तर उद्या सात बायका जीपमध्ये बसतील आणि परत माझ्याकडे येणार नाहीत, मग मी काय करायचं ते तुम्हीच सांगा. आवाज जरा चढवूनच बोलले.

चाचा दोराच्या वेटोळ्यावर बसले आणि त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. हळूहळू, एकेका ओळीवर बोट ठेवून. मधे एका पानावर बराच वेळ थांबले. मग विचारलं, “तेल रोज फुलच होता?”

मी म्हटलं, “बहुतेक.”

शब्द तोंडातून गेला आणि मीच दचकले. वाटलं, आता पूल दाखवणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि म्हणाले, “बेअरिंग झिजलीयत, पन आकडा उतरत नाय. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालव. मगे उघडू.”

मी सुटले. येताना पुलावर रिक्षा थांबवून मासे घेतले.

बारा दिवसांनी पालीच्या अलीकडे इंजिनातून खटखट ऐकू यायला लागलं, जसं कोणी आतून दार वाजवतंय. मी गाडी बाजूला घेईपर्यंत खटखट थांबली आणि इंजिनही थांबलं. स्टार्टर मारला तर टक् एवढाच आवाज. गाडी बसली. त्या दिवशी दोन बायकांच्या शाळेत तपासणी होती. मागे मागे येणारा जीपवाला आलाच. सात बायका छत्र्या गोळा करून त्याच्या जीपमध्ये चढल्या. गणिताच्या बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी काढला. दुपारी त्याच जीपला दोर बांधून माझी गाडी भाट्याला गेली. मी माझ्याच गाडीत बसून, दुसऱ्याच्या दोराने.

पुलापर्यंत माझा राग पिकला होता. शेडसमोर चार रिक्षावाले, दोन जीपवाले जमले आणि मी गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. पंधरा दिवस वही लिहायला लावलीत. चालव म्हणालात. गॅरेजवाला आधीच सांगत होता इंजिन उघडा, तुम्ही थांबवलंत. आता माझ्या बायका गेल्या. मी आणखी बरंच बोलले. ते इथे लिहीत नाही.

चाचा गाडीखाली सरकले, इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा नट सोडला. खाली तेल पडलं ते तेल नव्हतंच. चहासारखं पातळ, भांडं भरून वर सांडलं. त्यात बोट बुडवायची गरज नव्हती, उभ्या उभ्या सगळ्यांना पेट्रोलचा वास आला. एक साधा जीपवालासुद्धा बोलला, “चाचा, इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय. पेट्रोल तेलात उतरत होतं. म्हणून तेल पातळ, म्हणून प्रेशर नाही.” आणि मग हसून, “हे तुम्हाला पंधरा दिवसांत कळलं नाही?”

छोटासा रबरी पडदा. तो वेळेवर बदलला असता तर एका दुपारचं काम होतं. तेलाची पातळी वाढतेय, एवढं एक वाक्य वहीत असतं तर चाचांनी ते पहिल्या नजरेत ओळखलं असतं. तेल वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय. आपोआप काहीच वाढत नाही हे मला ठाऊक होतं. मी फक्त उलटीकडून विचार केला होता.

चाचा गाडीखालून बाहेर आले. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, “नाय कळला. चूक माझी.”

मी तिथे उभी होते.

त्यानंतर त्यांचं हसं झालं. स्टँडवर कोणाचा टायर बसला तरी ‘प्रेशरचाचाला दाखव’ म्हणायचे. ‘चाचाने वहिनीची गाडी बसवली’ हे वाक्य सगळ्या रत्नागिरीला माहीत झालं. दोरीवरचे कागद कमी कमी होत गेले. माझं इंजिन दुसऱ्या गॅरेजमध्ये नवीन बेअरिंग घालून उभं राहिलं, तोपर्यंत घटस्थापना आली होती. सातांपैकी दोनच बायका परत आल्या.

दिवाळीनंतर मी गेज परत द्यायला गेले. द्यायचं आणि निघायचं, बसायचं नाही, असं ठरवून. चाचांनी गेज लुंगीने पुसलं, काचेवर फुंकर मारली, आणि मग शेडच्या आत जाऊन माझी वही घेऊन आले. तीच शंभरपानी. ती त्यांच्याकडेच राहिली होती. त्यांनी पहिली पानं उघडून माझ्यासमोर धरली.

चार दिवसांचं अक्षर वेडंवाकडं, हललेलं. इंजिन चालू असताना स्टिअरिंगवर लिहिलेलं. आणि पाचव्या दिवसापासून अक्षर सुंदर, ओळीत, शाळेतल्या पुस्तीसारखं. त्यांनी पाचव्या दिवसापाशी समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली होती.

“ही रेघ कधी मारलीत?” मी विचारलं.

“तू आलीवतीस त्याच दिवशी. वाचताना.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं.”

“कळला होता.”

मी वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. बहुतेक म्हणाले तेव्हा घरी का नाही पाठवलं. गाडी आणल्याशिवाय चालव कसं म्हणालात. पावसच्या बागायतदाराला भरल्या टेम्पोनिशी परत पाठवता तुम्ही.

ते गेजची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “तू बाईमाणूस. घोव मुंबईला. सात बायका गाडीत बसवून रोज जातेस. मला वाटला, हिला कशाला अडवायचा. जाव दे.”

“माझ्या जागी जीपवाला असता तर?”

“वही खाडीत फेकली असती,” चाचा म्हणाले. “आणि चावी काढून घेतली असती.”

“म्हणजे तुम्ही मला त्याच्याएवढी ड्रायव्हर समजलाच नाहीत.”

यावर दुसरा कोणी असता तर तसं नाही, तसं नव्हे, करत बसला असता. चाचांनी विचार केला. मग म्हणाले, “नाय समजलो.”

आयुष्यात मला लोकांनी बरंच ऐकवलंय. बाई गाडी चालवते म्हणून मागून ओरडलेत, पुढून आडवे आलेत. त्यातलं काही मला इतकं लागलं नाही. कारण ते लोक मूर्ख होते. हा माणूस मूर्ख नव्हता. त्याला वही खोटी आहे हे दिसत होतं, आणि त्याने माझ्यावर दया केली. त्या दयेने माझं इंजिन खाल्लं. वर सगळ्यांसमोर चूकही स्वतःवर घेतली, मला न विचारता. मी खोटं लिहिलं हा माझा गुन्हा होता. तो माझ्याकडून काढून घ्यायचा त्यांना काय अधिकार?

मी वही घेऊन तिथून निघाले ती सरळ जीप स्टँडवर गेले. दुपारची वेळ, सगळे पत्ते खेळत होते. मी उभ्यानेच सांगितलं, चाचांची चूक नव्हती, वही मी घरी बसून खोटी लिहिली, तेल वाढलेलं मी बघितलं होतं आणि लपवलं.

पत्ते थांबले. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग तोच जीपवाला, ज्याच्या दोराने मी भाट्याला गेले होते, समजुतीने म्हणाला, “वहिनी, जाव द्या आता. म्हाताऱ्याची बाजू घेताय, तुमचं मन मोठं आहे.”

मी म्हटलं, मी बाजू घेत नाही, खरं सांगतेय.

“हो हो,” तो म्हणाला, आणि चहा सांगितला.

मी वही त्याच्यासमोर आपटली. त्याने ती उघडली, चारदोन पानं उलटली, शेजारच्याला दाखवली. शेजारचा म्हणाला, “वहिनी, अक्षर काय सुंदर आहे तुमचं.”

मी चहा घेतला नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मार्च महिन्यात परत तिठ्यावर दिवा लुकलुकला आणि मी व्हॅन घेऊन भाट्याला गेले. दुसऱ्या कोणाकडे जायची सोय नव्हती, कारण तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की इतर सगळे अंदाजाने सांगतात. चाचांनी सीट उचलली, तेल चोळलं, वास घेतला. विचारलं, गरम इंजिन, उभी गाडी, दिवा किती वेळ पेटतो. दिवसभराची दमले होते, लक्ष नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक चार-पाच सेकंद.

चाचांनी सीट धाडकन खाली टाकली आणि पूल दाखवला.

मी म्हटलं, चाचा, भाट्याहून हातखंबा, तिथून परत, ऊन बघा किती आहे. ते म्हणाले, “मोजून ये.” आणि पाठ फिरवून दोरीवरचे कागद बघायला लागले.

मी तोंडाला येईल ते बडबडत हातखंब्याला गेले. तिठ्यावर गाडी उभी केली, घड्याळ समोर धरलं आणि मोजलं. अकरा सेकंद होते, चार-पाच नव्हते. परत जाऊन सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि गेज बसवायला लागले. त्या दिवसाचाही मला राग येतो, पण तो राग वेगळा आहे. तो मी कोणालाही द्यायला तयार नाही.

दोनचार वर्षांनी त्यांनी शेड बंद केली आणि मुरुडला मुलीकडे राहायला गेले. कोणी म्हणतं तिथेही बागेच्या पंपांचं तेल बघत फिरतात. मी जाऊन बघितलेलं नाही. मला वेळ नसतो. आता माझी दुसरी व्हॅन आहे, नऊ बायका आहेत आणि स्टिअरिंगला दोरीने पेन्सिल बांधलेली आहे. गेज नवीन घेतलं. रोज तिठ्यावर, इंजिन चालू ठेवून, एसटीचे हॉर्न खात मी आकडा लिहिते.

परवा नवीन आलेल्या मराठीच्या बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. वही त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी दोन पानं बघितली आणि हसून म्हणाल्या, “काकू, तुमचं अक्षर फारच वाईट आहे हो.”

मी म्हटलं, “गाडी चालू आहे,” आणि गिअर टाकला.